सव्वीस नद्या

"मॅडम, तुमच्या कॉलेजातल्या सव्वीसच्या सव्वीस नद्या डोंगराच्या सोंडेवरून वाहतायत," असं म्हणून डॉ. बोऱ्हाड्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

मी हसले. खरंच हसू आलं मला. ते मात्र हसले नाहीत. विद्यापीठानं भूगोलाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी पाठवलेले हे बाहेरचे परीक्षक, पस्तिशीचे, कडक इस्त्रीचे, सकाळपासून एकदाही हसले नव्हते.

"तुम्हीच बघा."

मी बघितलं. प्रश्न साधा होता. छापील कागदावर एका डोंगराच्या समोच्च रेषा दिल्या होत्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्यांवरून नदी कुठून वाहील ते ओळखायचं आणि निळ्या पेन्सिलीनं दाखवायचं. रेषा माथ्याकडे आत वळल्या की तिथे घळ असते, पाणी तिथून जातं. पायथ्याकडे पुढे आल्या की ती सोंड, डोंगराची खाली उतरत जाणारी धार. तिच्यावरून माणसं चालतात, गुरं चालतात, पाणी वाहत नाही. आणि आमच्या शेवटच्या वर्षाच्या सव्वीस मुलामुलींनी निळी रेघ नेमकी सोंडेवरून ओढली होती. खाली सगळ्यांचं एकच वाक्य होतं: 'नदी सोंडेच्या टोकावरून सरळ पायथ्याशी येते.'

"शब्दसुद्धा बदललेला नाही," बोऱ्हाडे म्हणाले. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असू शकतं. चुकीचं उत्तर सारखं येतं ते फक्त कॉपीनं."

माझं हसू गेलं. हातातल्या कागदांकडे बघता बघता छातीत डाव्या बाजूला ओळखीचं काहीतरी आवळलं, आणि मी खुर्चीचा हात धरला. कॉपी झालेली नव्हती. काय झालं असणार हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

आमच्या भूगोल विभागात तेव्हा दोनच माणसं होती, आणि दोन्ही निवृत्त. औटी सर सहासष्ट वर्षांचे, मी त्रेसष्टची. जागा भरायला वरून परवानगी येत नव्हती, म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या लहानशा कॉलेजानं आम्हाला तासिका तत्त्वावर बोलावलं होतं. पेन्शन आम्हाला पुरत होतं. मी जात होते कारण नवरा गेल्यापासून घरात दिवसभर माझ्याशी बोलणारी एकच गोष्ट होती, फ्रिज. सर का येत होते ते त्यांना विचारायची गरज नव्हती. ते वर्गात शिरले की दहा वर्षांनी लहान दिसत.

कॉलेज दर जूनला तंदुरुस्तीचा दाखला मागायचं. आम्ही दोघं ओळखीच्या डॉक्टरांकडून तो आणत होतो. ते चहा पाजत आणि सही करत. माझ्या हृदयात दोन ठिकाणी अडथळे होते, जिना चढायला मला सक्त मनाई होती. नकाशांची प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या मजल्यावर. सरांच्या पायांना काहीच झालं नव्हतं. सरांचं गडबडत होतं ते दुसरीकडेच. मुलांची नावं, कालचा तास, आठवड्याचे वार. आणि कधी कधी, फार क्वचित, शिकवताना डावं ते उजवं होऊन जायचं.

हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. आपोआप एक पद्धत पडत गेली. वरची सगळी प्रात्यक्षिकं त्यांनी घ्यायची, नकाशे खाली आणायचे, क्षेत्रभेटीला मुलांबरोबर डोंगर चढायचे. मी खाली बसून हजेरीपट लिहायचा, तासाच्या आधी त्यांच्या हातात विषयाची चिठ्ठी द्यायची. आणि शनिवारी सकाळी मुलांना तळमजल्यावर बोलवायचं, त्यांची जर्नलं, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वह्या, बघायची, आणि जिथे सरांचं उलटं झालं असेल तिथे म्हणायचं, "सरांनी तुमची परीक्षा बघायला मुद्दाम तसं सांगितलं होतं हं! बरोबर काय ते आता लिहून घ्या." मुलांना गंमत वाटायची. औटी सर मोठे मिस्कील आहेत, असा त्यांचा समज झाला होता.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी माझ्या छातीत दुखलं आणि मी पाच आठवडे दवाखान्यात आणि मग घरी अंथरुणात काढले. कॉलेजात कळवलं, पुतण्याचं लग्न आहे. पाच आठवडे चालणारं लग्न कोणाचं असतं, हे कोणी विचारलं नाही. मार्चमध्ये परत आले तेव्हा मुलं जर्नल घेऊन आली होती. मी फार थकायची तेव्हा. विचारलं, "सरांची सही झालीय ना?" ती म्हणाली, झालीय. मी म्हटलं, मग राहू द्या.

एवढंच. त्या 'राहू द्या'चे हे सव्वीस कागद होते.

औटी सर हात पुसत आत आले. "काय बोऱ्हाडे, झाली तपासणी?"

बोऱ्हाड्यांनी एक कागद पुढे केला. सरांनी खिशातून चष्मा काढला, कागद लांब धरला. ते म्हणतील 'बरोबर तर आहे', याची मला भीती होती.

पण सरांच्या कपाळावर आठी चढली. "ही तर सोंड आहे! सोंडेवरून नदी? पाणी काय पखालीनं वर नेऊन ओतलं?"

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सर शाबूत होते. मग त्यांनी दुसरा कागद घेतला, तिसरा, चौथा, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"सगळ्यांनी? अहो, ही कॉपी आहे!"

"तेच म्हणतोय," बोऱ्हाडे म्हणाले. "मी नऊ ते साडेनऊ प्राचार्यांकडे चहाला होतो. वर्गात तुम्ही होतात."

सर जरा ओशाळले. "दोनदा बाहेर जावं लागलं मला. वयच आहे, लघवी धरवत नाही. तेवढ्यात साधलं गाढवांनी. बाई, ऐकताय ना? छत्तीस वर्षं शिकवलं, असली लबाड बॅच बघितली नाही!"

"सर, त्यांना तसं शिकवलं गेलं असेल, असं…" मी अंदाज घेत म्हटलं.

"कोणी शिकवलं असेल? मीच शिकवतो की." सर माझ्याकडे बघतच राहिले. "सोंड आणि घळ मी उलटी शिकवीन?"

बोऱ्हाड्यांनी घड्याळ बघितलं. सामूहिक गैरप्रकाराचा अहवाल ते जेवणानंतर प्राचार्यांच्या खोलीत बसून लिहिणार होते. त्यावर अंतर्गत परीक्षक म्हणून औटी सरांची सही हवी होती. चार वाजता गाडी निघणार होती, पाकीट तिच्यातून विद्यापीठात जाणार होतं. एकदा ते गेलं की सव्वीस जणांचं वर्ष गेलं, पुढच्या परीक्षेलाही बसता येईल याची खात्री नाही. बोऱ्हाडे माणूस वाईट नव्हता. समोर जे दिसत होतं, त्यावरून त्यांनी जे करायचं तेच ते करत होते.

ते दोघं गेले. सर वर नकाशे आवरायला, बोऱ्हाडे जेवायला. मी डबा उघडला नाही.

दारात सुगंधा धिंदळे येऊन उभी राहिली. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, डोंगरातल्या एका वाडीवरची. रोज दीड तास चालून ती एसटीच्या थांब्यावर यायची. बाकीची मुलं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती.

"मॅडम, आमी कॉपी नाय केली."

"माहीत आहे मला."

"सरांनीच तशी काढाया सांगितली व्हती."

"तुम्हाला कळलं नाही का गं? तुम्ही सगळी डोंगरातली मुलं."

"कळलं ना. आमचं घरच सोंडेवर हाये, मॅडम. पान्याला रोज खाली घळीत उतरावा लागतो. सोंडेवरून नदी वाहती तं आईचं गुडघं कशाला गेलं असतं?" ती पिशवीत हात घालत म्हणाली, "मी बराबर काढली व्हती. सरांनी खोडली."

तिनं पिशवीतून जर्नल काढलं आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं. पेन्सिलीनं, जपून काढलेला डोंगर होता, आणि घळीतून उतरणारी नदी. बरोबर, अगदी बरोबर. त्या नदीवर लाल पेनानं फुली मारलेली होती. शेजारच्या सोंडेवरून त्याच लाल पेनानं एक ठसठशीत रेघ खाली आणली होती, आणि समासात सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'नदी सोंडेच्या टोकावरून सरळ पायथ्याशी येते. नीट लक्ष द्या.' खाली सही, तारीख चौदा फेब्रुवारी.

"तू सरांना म्हणाली नाहीस?"

"म्हनले. सर म्हनले, गावातलं गावात. नकाशात असंच असतंय." ती खाली बघून म्हणाली, "मंग वाटलं, असंल. नकाशात आपल्याला काय ठावं?"

मला तिच्याकडे बघवेना.

"बाकीच्यांच्या जर्नलमध्ये असं आहे? सरांच्या हातचं?"

"नाय. त्यांनी माझं बघून आपापलं काढलं. त्यांच्यावर नुसती सही हाये." मग ती चाचरत म्हणाली, "मॅडम, आश्रमशाळेत अधीक्षिकेची जागा निघाली हाये, आमच्या वाडीपून जवळच. माझं नाव यादीत लागलंय. जूनमधी पदवीचा कागद दिला नाय तं दुसरीला देत्यात."

"वही माझ्याकडे दे," मी म्हटलं. "काही होणार नाही तुमचं."

हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं.

तीन वर्षांत मी तो जिना चढले नव्हते. चव्वेचाळीस पायऱ्या आहेत हे मला सरांनी सांगितलेलं. पहिल्या मजल्यावर मी जिभेखाली गोळी ठेवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. वर पोचले तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता. सर नकाशांच्या गुंडाळ्या सुतळीनं बांधत होते. मला दारात बघून सुतळी त्यांच्या हातातून सुटली.

"बाई! वेड लागलंय का तुम्हाला? वर कशाला आलात?"

बोलायला दम नव्हता. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग लाल रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली, सोंडेच्या टोकापासून पायथ्यापर्यंत.

"अक्षर माझं आहे."

"हो."

"सहीही माझीच."

"हो, सर."

"मला यातलं काहीही आठवत नाही, बाई."

ते स्टुलावर बसले. खाली मैदानात कोणीतरी बॉल मारत होतं, त्याचा आवाज येत होता.

"हे पहिल्यांदाच झालं का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. पण पायऱ्या चढून माझ्यातला सगळा शहाणपणा संपला होता. "नाही. दोन वर्षं झाली. मी शनिवारी दुरुस्त करून घेत होते."

"म्हणजे सरांनी गंमत केली, असं पोरं म्हणायची, ते…" ते जमिनीकडे बघत राहिले. "मला वाटायचं, पोरांना मी आवडतो म्हणून हसतात."

"आवडताच तुम्ही त्यांना."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात."

"थांबलोच असतो! लगेच थांबलो असतो. चुकीचं शिकवण्यापेक्षा घरी बसणं काय वाईट?"

"मग इथे वर कोण चढलं असतं?" मी म्हटलं.

आपल्या तोंडून हे असं निघेल, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी एका चांगल्या शिक्षकाची अब्रू सांभाळतेय. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना सगळं कळलं होतं. ते संतापले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

"बसा. घाम पुसा. मी खाली जाऊन सांगतो त्यांना."

"काय सांगाल?"

"जे झालं ते. पोरांनी मी शिकवलं तेच लिहिलं. पोरांचं वर्ष का जावं?" ते उठले, शर्ट खाली ओढून नीट केला, वर्गात शिरण्यापूर्वी करायचे तसाच. दारात वळून म्हणाले, "तुमचं काही काढणार नाही मी, बाई. तुम्ही सावकाश या. कठडा धरून या."

वही टेबलावरच राहिली. मी ती पिशवीत घातली.

छातीतली कळ पूर्ण जायला वेळ लागला, आणि उतरताना प्रत्येक वळणावर मी थांबले. अर्धा तास गेला असेल. पण मन हलकं होतं. सरांची नोकरी गेली, माझीही जाईल, असा विचार येत होता आणि त्याचं काही वाटत नव्हतं. खाली आल्यावर व्हरांड्यातल्या मुलांकडे बघून मी हसलेसुद्धा. सुगंधा उठून उभी राहिली. मी तिला हातानं 'बस' अशी खूण केली.

प्राचार्यांच्या खोलीत तिघं बसले होते. सरांच्या हातात पेन होतं आणि ते टोपण लावत होते. समोरच्या टंकलिखित कागदाच्या तळाशी त्यांची सही होती, शाई अजून चमकत होती.

"या, बाई, या," सर म्हणाले. "बघा तरी काय दिवे लावलेत पोरांनी. ही तर सोंड आहे! सोंडेवरून नदी? पाणी काय पखालीनं वर नेऊन ओतलं?"

शब्द न् शब्द तोच. सूरही सकाळचाच.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनीही माझ्या डोळ्यांत बघितलं, स्वच्छ, मोकळेपणानं. बारा वर्षं मी ती नजर आठवतेय. चव्वेचाळीस पायऱ्या उतरेपर्यंत ते खरोखर विसरले होते, की खाली येऊन प्राचार्यांची खुर्ची आणि आपली छत्तीस वर्षं समोर बघून त्यांनी विसरायचं ठरवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. कधी वाटतं विसरले. कधी वाटतं, माणूस इतका नेमका विसरत नाही.

"मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय का?" प्राचार्यांनी विचारलं. माझा चेहरा बरा दिसत नसणार.

पिशवी माझ्या खांद्याला होती. वही काढून टेबलावर ठेवायची, बस्स. सर तर माझ्याकडेच बघत होते. वही ठेवली असती तर त्यांना भर खोलीत, दोन परक्या माणसांपुढे, अर्ध्या तासात दुसऱ्यांदा कळलं असतं की आपलं डोकं जातंय. तो चेहरा मी वर एकदा बघितला होता. पुन्हा बघायची माझी ताकद नव्हती, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं नाही. पण तेवढंच खरंही नाही. प्राचार्यांच्या मागे भिंतीवर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लावलेलं होतं आणि त्यात माझं नाव होतं, तेही मला दिसत होतं.

"जरा पाणी मिळेल का?" मी म्हटलं.

मी पाणी पीत होते तोवर बोऱ्हाड्यांनी पाकिटाला डिंक लावला.

मुलांचं वर्ष गेलं. हे आत्ताच सांगून टाकते, कोणी आशा धरायला नको. बाकीच्या जर्नलवर नुसत्या सह्या होत्या. सर न बघता सह्या करत असतील आणि मुलांनी जर्नलही एकमेकांची उतरवली असतील, असं ठरलं. मे महिन्यात सर बाजारात गेले आणि घरचा रस्ता चुकले, म्हणून त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. ते पुन्हा आले नाहीत. जूनमध्ये मला पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र आलं. मला वर चढवत नाही हे कळल्यावर नव्या प्राचार्यांनी नकाशांची प्रयोगशाळा तळमजल्यावर आणून दिली. एका अर्जाचं काम होतं ते. तीन वर्षांत आम्हा दोघांपैकी एकालाही तो अर्ज करायचं धाडस झालं नव्हतं, कारण अर्जात कारण लिहावं लागतं.

जुलैत विद्यापीठाच्या चौकशी समितीनं बोलावलं. मुलांच्या वतीनं सुगंधा आली होती, मला साक्षीला बोलावलं होतं. मी वही बरोबर घेऊन गेले होते. द्यायचीच म्हणून घेऊन गेले होते, शपथेवर सांगते. एसटीत सगळा रस्ता ती पिशवी मी मांडीवर धरून बसले होते.

सुगंधानं सगळं नीट सांगितलं, न रडता. शेवटी म्हणाली, "सरांच्या हातची लाल रेघ हाये माझ्या वहीत. वही मी मॅडमकडं दिली व्हती."

समितीचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, तेही निवृत्तच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, अशी वही तुमच्याकडे दिली होती का?"

माझा हात पिशवीच्या बंदावर होता. वही काढली असती तर पुढचा प्रश्न आलाच असता: एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दिवशीच का दाखवली नाही? त्या प्रश्नाचं उत्तर रस्ताभर शोधूनही मला सापडलं नव्हतं. मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचा अध्यक्षांनी चांगुलपणानं वेगळाच अर्थ घेतला. ते पुढे वाकून, हळू आवाजात, मोठ्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, ओढून-ताणून आठवू नका. नसेल आठवत तर तसं सांगा. या वयात होतं. आम्ही समजू शकतो."

"नाही आठवत," मी म्हटलं.

माझा आवाज स्पष्ट होता. औटी सरांची दोन वर्षांची स्मरणशक्ती मी होते, सव्वीस मुलांची नावं, त्यांच्या वाड्या, कोणाचा कोणता तास चुकला, सगळं मला पाठ होतं. आणि मी सांगितलं की आठवत नाही, आणि ते सगळ्यांना पटलं. सुगंधालाही. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. तिनं हळूच मान हलवली. नकाशात असंच असतंय म्हटल्यावर सरांपुढे हलवली असेल, तशीच.

बाहेर आले तर लिफ्ट बंद होती. मी कठडा धरून जिन्याच्या तोंडाशी उभी होते, तोच सुगंधा मागून आली.

"सावकाश, मॅडम. द्या ती पिशवी हिकडं."

नको म्हणायच्या आत तिनं पिशवी माझ्या खांद्यावरून उतरवून आपल्या खांद्याला लावली, आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. एकेक पायरी आम्ही उतरत होतो. ती मध्येच थांबायची, विचारायची, "दम लागला का?" आणि मी मान हलवायची. आश्रमशाळेची जागा दुसरीला गेली, हे तिनं सहज बोलता बोलता सांगितलं. तिच्या खांद्याला माझी पिशवी होती आणि पिशवीत तिची वही.

खाली तिनं रिक्षा थांबवली, मला बसवलं, पदर आत घेतला आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"लय जड हाये, मॅडम," ती म्हणाली. "अशा तब्येतीत एवढं कशाला घेऊन हिंडता?"